नाश्त्याच्या अर्धा तास आधी

बुधाजीकाका दुकानाच्या पायऱ्या चढताना आधी उजवा पाय वर टाकायचे, मग डावा त्याच पायरीवर ओढून घ्यायचे. तीनच पायऱ्या, पण वेळ लागायचा. तोवर जागृतीने आतून तीन स्ट्रिपा काढून काउंटरवर ठेवलेल्या असत. दोन गुडघेदुखीच्या, एक ॲसिडिटीची. दर सोमवारचं हे ठरलेलं. काही बोलायची गरजच नसे.

रेवदंड्याच्या बाजारातलं हे औषधांचं दुकान पियूषभाईंचं. भिंतीवर टांगलेलं फार्मासिस्टचं सर्टिफिकेट मात्र जागृतीचं. अकरा वर्षं ती या काउंटरमागे उभी होती. सकाळी साडेआठ ते दीड, मग साडेचार ते नऊ. नवरा हर्षद मुंबईत नोकरीला, शनिवारी यायचा आणि सोमवारी पहाटेच निघायचा. संध्याकाळपर्यंत जागृतीच्या पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. समोर माणूस उभा राहिला की तिचा हात आपोआप खणाकडे जायचा. कोणाला काय लागतं ते हाताला पाठ होतं, त्यासाठी डोकं वापरावं लागत नसे.

बुधाजीकाका चौलचे. वीस-बावीस वर्षं खाडीपलीकडच्या एका कारखान्यात त्यांनी वॉचमनची नोकरी केली. ती सुटल्यावर मुंबईत राहणाऱ्या एका मालकाची सुपारीची वाडी राखायला घेतली. राखण म्हणजे सगळंच. पंप चालू करायचा, पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवायचं, पडलेल्या झावळ्या ओढून बाजूला टाकायच्या. सहासष्टाव्या वर्षी गुडघे बोलायला लागले. दीड वर्षापूर्वी ते एका डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि पोटाला त्रास नको म्हणून सोबत ॲसिडिटीची गोळी. चिठ्ठीवर "५ दिवस" असं स्वच्छ लिहिलं होतं. ती चिठ्ठी घडीवर फाटली, तरी काकांच्या खिशात असायची.

पहिल्यांदा ते परत आले तेव्हा जागृतीने सांगितलं होतं, "काका, ही पाच दिवसांचीच होती."

"गो पोरी, पाच दिवसांत गुडघे नवे झालं का?"

ती हसली आणि गोळ्या दिल्या. पुढच्या खेपेला तिने पुन्हा सांगितलं, की डॉक्टरांना दाखवून या, ही रोज घ्यायची गोळी नव्हे. तिसऱ्या खेपेला पियूषभाई दुकानात होते. काका गेल्यावर ते म्हणाले, "जागृतीबेन, घराक दवा लेवा आवे छे, भाषण सांभळवा नहि. गिऱ्हाइकाला औषध हवं असतं, भाषण नको. इथे नाही मिळाली तर पुलाजवळच्या दुकानात मिळेल. म्हणजे तो खाणार तर आहेच."

ते खरं होतं. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही हेही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टींमध्ये रोज उभं राहायचा तिला कंटाळा आला आणि तिने सांगणं सोडून दिलं.

काकांच्या छातीत जळायचं. जळलं की ते ॲसिडिटीची गोळी घ्यायचे. जेवल्यावर, चहाबरोबर, कधी एक, कधी दोन. तेवढ्याने भागलं नाही तर पाण्यात फसफसणारी पूड. ती पुडीही जागृतीच द्यायची.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी ते अवेळी आले. लाइट गेलेली होती. बाहेर ऊन रणरणत होतं आणि सुकत घातलेल्या बोंबलांचा वास बाजारभर साचला होता. तापाची साथ होती. काउंटरवर चिठ्ठ्या घेतलेले आठ-दहा हात एकदम पुढे आलेले. काका खांबाला टेकून बाजूला थांबले. गर्दी जरा पांगली तसे ते पुढे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ती लोखंडाची गोली खाल्ली की काळं होतं ना गो?"

"काय काळं होतं?"

"परसाकडला."

"हो, होतं."

"आन ती न खाता झालं तर?"

जागृतीने मान वर केली. काकांचा चेहरा तिला अंधारात नीट दिसला नाही. "काय खाल्लं होतंत?" तिने विचारलं. तेवढ्यात एक बाई कडेवर तापलेलं मूल घेऊन आली आणि मूल तिथेच ओकलं. जागृतीने पाणी दिलं, फडकं दिलं, ओआरएसचं पाकीट काढून दिलं. पुन्हा पाहिलं तेव्हा काका शेवटची पायरी उतरत होते. आता हाक मारावी असं तिला वाटलं. मग वाटलं, सोमवारी येतीलच, तेव्हा विचारू.

सोमवारी ते आले नाहीत. साडेनऊच्या सुमाराला त्यांची बायको कमळकाकी आली. रिक्षा खाली उभी करूनच.

"चक्कर थांबायची गोली दे गो बाई. लवकर दे."

"कोणाला?"

"यांना. सकाली उठलं नि उंबऱ्यापाशीच पडलं. घाम घाम झाला. पित्त चढलाय डोक्यात."

जागृती काउंटरवरून पुढे वाकली. "काकी, त्यांना शौचाला कसं होतंय?"

काकीने आजूबाजूला पाहिलं. "डांबरासारखं. तीन-चार दिस झालं. मना कालच बोललं."

जागृतीने गल्ला बंद केला, शटर ओढलं, चावी पर्समध्ये टाकली आणि काकीच्या शेजारी रिक्षात बसली. पियूषभाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही.

काका ओटीवर गोधडीवर पडले होते. ओठ, नखं, डोळ्यांच्या पापण्यांची आतली कड, सगळं पांढरं. नाडी बारीक आणि जोरात पळत होती. त्यांनी डोळे उघडले. "आलीस? ती पिवली गोली दे. जळतंय."

काकीने सवयीने पेल्यात पूड ओतायला घेतली. जागृतीने तिचा हात धरला. "आता काही देऊ नका. पाणीसुद्धा नको. पोटात रक्त जातंय त्यांच्या. अलिबागला न्यायचं, असंच, आत्ता."

"रगत? तोंडातून तर काय आलं न्हाय."

"खालून जातंय, काकी. ते काळं म्हणजे रक्तच."

रिक्षावाल्याने आणि शेजारच्या दोघांनी मिळून काकांना उचललं. जागृती निघता निघता आत गेली आणि देव्हाऱ्याशेजारच्या बिस्किटाच्या डब्यातून हाताला लागल्या तेवढ्या स्ट्रिपा घेऊन आली. अलिबागपर्यंत काकांचं डोकं काकीच्या मांडीवर आणि पाय जागृतीच्या मांडीवर होते. प्रत्येक खड्ड्याला ते "आई गो" म्हणायचे. नंतर नंतर तेही म्हणेनासे झाले. तेव्हा मात्र जागृती त्यांच्याशी मोठ्याने बोलत राहिली. वाडीत किती झाडं आहेत, पंप किती वाजता लावता, काहीही.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर तिशीची असेल. डोळ्यांखाली काळं झालेलं, केस रबराने कसेतरी बांधलेले. सलाईन लागलं, रक्ताची बाटली मागवली गेली, मग ती कागद घेऊन या दोघींकडे वळली.

"कोणती औषधं चालू होती?"

"पोटाची गोली नि गुडघ्याची," कमळकाकी म्हणाली. "आन बीपीची हाय, ती कधी घेतात, कधी नाय."

जागृतीने स्ट्रिपा टेबलावर ठेवल्या. "ही वेदनाशामक, दिवसातून दोन. कधी तीन. ही ॲसिडिटीची, जळलं की. आणि फसफसणारी पूड."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष? कोणी दिली?"

"पहिले पाच दिवस डॉक्टरांनी," जागृती म्हणाली. "पुढचं मी. मी फार्मासिस्ट आहे."

डॉक्टरचं पेन थांबलं. तिने जागृतीकडे पाहिलं, मग खाली मान घालून लिहून घेतलं. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं जागृतीला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

तीन बाटल्या रक्त चढलं. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीची नळी घालून पाहिलं तेव्हा जठरात अल्सर सापडला. त्यातून रक्त झिरपत होतं. ते तिथल्या तिथे बंद केलं. संध्याकाळी जिन्यात गाठ पडली तेव्हा डॉक्टरनेच जागृतीला थांबवलं.

"वेदनाशामक गोळीने आतलं अस्तर खाल्लं. ॲसिडिटीची गोळी वेळेवर घेतली असती तर थोडं तरी राखलं असतं. पण ती ते कधीही घेत होते. तेवढ्याने जळणं जरा निवायचं आणि ते पुढची वेदनाशामक गिळायचे."

"मला त्यांनी शुक्रवारी विचारलं होतं," जागृती म्हणाली. "काळं का होतं म्हणून."

डॉक्टर कठड्याला टेकली. "आज ओपीडीत एकशे चाळीस पेशंट होते," ती म्हणाली. "मीही कोणाचं तरी ऐकलं नसेल." आणि वर निघून गेली.

पियूषभाई चिडले होते ते दुकान अख्खा दिवस बंद राहिलं म्हणून. मग त्यांना बाकीचं कळलं, तेव्हा ते घाबरले. "तू तिकडे आपल्या दुकानाचं नाव सांगितलंस?"

"माझं सांगितलं."

"म्हणजे एकच झालं ना?"

"हो. एकच," जागृती म्हणाली आणि मालाची खोकी फोडायला बसली.

सहाव्या दिवशी काकांना घरी सोडलं. त्याच दुपारी कमळकाकी शटर पडायच्या वेळेला आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हातात दवाखान्याचा कागद होता.

"यावर काय लिवलंय मना कळत नाय. तिथल्या सिस्टरनी सांगितलं, पन माझं डोस्कं चालत नव्हतं. तू घरी येऊन सांग."

जागृती जेवायला घरी न जाता तिच्याबरोबर चौलला गेली. काका ओटीवर भिंतीला टेकून बसले होते. दाढी पांढरी वाढलेली, गालफडं आत गेलेली. जागृतीने बिस्किटाचा डबा खाली ओतला. निम्म्या स्ट्रिपा कापलेल्या, नाव नाही, तारीख नाही. कोणाकोणाच्या गोळ्या होत्या त्यात. शेजारणीच्या, पाहुण्यांच्या, कधीच्या खोकल्याच्या. तिने एकेक बाजूला काढली. डब्यात शेवटी दवाखान्यातून आणलेल्या चार उरल्या.

"ही पोटाची," तिने काकीच्या हातात दिली. "सकाळी उठलं, तोंड धुतलं, की एक. पाण्याबरोबर. मग अर्धा तास काही खायचं नाही, मग नाश्ता."

"चहा?" काकांनी विचारलं.

"चहापण नाही. अर्ध्या तासाने."

"चहाबिगर माणूस उठतो कसा?"

"गप ऱ्हावा," काकी म्हणाली. "घशात अडकते म्हणतात हे. मी खलबत्त्यात कुटून देत व्हते मधाबरोबर."

जागृतीने डोळे मिटून घेतले. "नाही काकी. कुटायची नाही, चावायची नाही. अख्खी गिळायची. वरचं आवरण असतं ना, ते फोडलं तर पोटातल्या आम्लात गोळी आधीच वाया जाते. अडकते असं वाटलं तर डॉक्टरांना सांगायचं. गिळताना अडकणं ही सांगायचीच गोष्ट आहे."

"आन जळलं तर दुसरी?"

"नाही. ही जळलं म्हणून घ्यायची गोळीच नाही, काका. जळो न जळो, रोज सकाळी एक. आठ आठवडे. मग डॉक्टर बघतील आणि थांबवायची का, कशी, ते सांगतील. मनाने वाढवायची नाही, मनाने बंदही करायची नाही. ही लोहाची, दुपारी. हिने काळं होईल, घाबरू नका. पण डांबरासारखं चिकट झालं, वास मारायला लागला, चक्कर आली, तर मला विचारायला येऊ नका, सरळ दवाखाना. ही बीपीची, रोज, न चुकता. आणि ती पूड बंद. तिच्यात मीठ असतं, बीपीला वाईट. फार जळलं तर दवाखान्याने दिलेल्या या बाटलीतलं पातळ औषध दोन चमचे, पण लोहाच्या गोळीच्या आधी-नंतर दोन तास सोडून. रात्री लवकर जेवा, जेवल्या जेवल्या आडवं होऊ नका."

एवढं सगळं तिने किती वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. घसा कोरडा पडला. काकीने पाणी आणून दिलं आणि मग कोळशाच्या तुकड्याने भिंतीवर खुणा करून घेतल्या. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, पुढे गोळ्यांचे ठिपके.

"आन गुडघं?" काका म्हणाले.

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. चौथी स्ट्रिप साध्या पॅरासिटामॉलची होती. "ही घ्यायची, डॉक्टरांनी लिहिलंय तेवढीच. मंगळवारी व्यायाम शिकवायला बोलावलंय त्यांनी."

"ती पयल्या गोलीसारखी चालंल?"

"नाही चालणार तेवढी," जागृती म्हणाली.

काका पायांकडे बघत राहिले. पायावरच्या शिरा वर आल्या होत्या. "मंग वाडी?"

परसात कोंबड्या पाचोळा उकरत होत्या.

"काका," जागृती म्हणाली, "त्या शुक्रवारी तुम्ही मला विचारलं होतं. मी ऐकलं होतं. मी तुम्हाला हाक मारायला हवी होती."

काकांनी हात हलवला. "तुला गिऱ्हाइक होतं."

"तरी."

"आन मी तरी कुठं नीट विचारलं? लेकीच्या वयाच्या पोरीला परसाकडचं काय सांगायचं? लाज वाटली मना. उतरताना वाटलं, बरं झालं, तिनं परत नाय विचारलं." ते थांबले. दम लागला होता. "दीड वर्स तू देत व्हतीस. त्याचा मना राग आलाय. खोटं कशाला बोलू."

"हो," जागृती म्हणाली. तिला रडू आलं नाही. फक्त फार थकल्यासारखं वाटलं, आणि कमळकाकीने पुढे सरकवलेला आमटीभात तिने तिथेच बसून खाल्ला.

त्या आठवड्यापासून तिने वेदनाशामक गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची बंद केली. ॲसिडिटीची मागणाऱ्याला ती तीन गोष्टी विचारायची. किती दिवस घेताय, सोबत आणखी काय घेता, गिळायला त्रास किंवा वजन कमी होतंय का. लोक वैतागले. कोणी म्हणालं, गोळी द्यायची तर दे. कोणी न बोलता पुलाजवळच्या दुकानात गेलं. सोनूबाई नावाची मासे विकणारी बाई मात्र काउंटरवर हात टेकून म्हणाली, "छातीतलं जळणं डाव्या हातात उतरतं नि दम लागतो, ते पण पित्तच ना?" तिला जागृतीने त्याच पावली दवाखान्यात धाडलं.

पियूषभाईंनी महिनाभर सहन केलं. मग एक दिवस म्हणाले, संध्याकाळी काउंटरवर मीच बसेन. जागृतीने भिंतीकडे बोट दाखवलं. "मग ते सर्टिफिकेट मी घरी घेऊन जाते." फार्मासिस्टशिवाय दुकानाचा परवाना राहत नाही. भांडण तिथे संपलं. पियूषभाई कुरकुरत राहिले, आणि ती तशीच उभी राहत राहिली. पोटऱ्या तशाच दुखत होत्या. आता बोलून घसाही दुखायचा.

आठ आठवडे झाले. काका तपासणीला गेले. रक्त वाढलं होतं, अल्सर भरला होता. डॉक्टरने गोळी हळूहळू कमी करायला सांगितली आणि बजावलं, की थोडे दिवस जळजळ उसळेल, घाबरून पुन्हा मनाने सुरू करू नका. ती उसळली. नऊ दिवस रोज सकाळी काकांचा दुकानात फोन यायचा, "जळतंय गो." जागृती विचारायची, काळं होतंय का, चक्कर येते का. नाही म्हणाले की म्हणायची, पातळ औषध दोन चमचे घ्या आणि थोडं सोसा. दहाव्या दिवशी फोन आला नाही. तिने स्वतः लावला. काका म्हणाले, "आज विसरलो व्हतो."

जानेवारीत कमळकाकी दुकानात आली. उन्हाने रापलेली, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायांना चिखल.

"वाडीवरून येतंय," ती म्हणाली. "मालकाला मीच बोलले, बाप्याला नाय जमत तर बाईला जमंल. हे बांधावर खुर्ची टाकून बसतात नि सांगतात, ह्या आळ्यात सोड, त्या आळ्यात सोड. पन कंबर गेली माझी. ती यांची लाल गोली व्हती ना, गुडघ्याची, ती दोन दे."

जागृती तिच्याकडे बघतच राहिली.

"बघू नको अशी," कमळकाकी म्हणाली. "मना म्हाईत व्हतं तू नाय देनार. पन येवडं दुखतंय, इचारून बघितलं."

"किती दिवस दुखतंय?"

"झालं सुरू तुझं."

"किती दिवस, काकी?"

कमळकाकीने पायरीवर बसकण मारली, पाय पुढे पसरले आणि कंटाळलेल्या आवाजात पहिल्यापासून सांगायला लागली. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली. जागृती काउंटरच्या बाहेर आली आणि तिचं पुरतं ऐकून घेतलं.